ज्याचा त्याचा पेपर

राज्यांची पुनर्रचना चालू होती आणि आमच्या नव्या राज्याची राजधानी कुठे होणार याबद्दल पेपरांत रोज नवी अफवा असे. उज्जैनच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचो. वर्गात इंग्रजी पेपर फडकावून मी बजावत असे, "छापलेलं सगळं खरं मानू नका." एवढी अक्कल गावात माझ्याकडेच आहे, अशी माझी समजूत होती.

पेपर मी फ्रीगंजात, स्टेशनाजवळच्या एका विक्रेत्याकडून घेई. त्याला वाचता येत नसे. गठ्ठ्यांची सुतळी सोडत तो म्हणे, "मास्टरसाब, जरा वाचून द्या ना." मीही अडाण्याला शहाणं करायच्या थाटात सगळे मथळे खणखणीत वाचून दाखवी.

एकदा शाळेला सुट्टी होती, म्हणून तिथेच रेंगाळलो. गिऱ्हाइकाला तो आधी विचारी, "कुठे निघालात?" ग्वाल्हेरवाल्याला 'राजधानी ग्वाल्हेर' म्हणणारा पेपर देई, इंदूरवाल्याला 'इंदूर' म्हणणारा. दोघेही खूश.

मी हसून विचारलं, "आणि मला कोणता देता?"

"वाचताना ज्याच्यावर तुमचा आवाज खुशीने चढतो, वोही."

दुसऱ्या दिवशी मी सगळे मथळे मुद्दाम एकाच सुरात वाचले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बरोबर 'राजधानी उज्जैन' म्हणणारा, माझाच पेपर काढून हातात दिला.