कुणाचं नाव घ्यायचं

विमलाबाई पगारे यांच्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारायचा, "साहेब आहेत का?" महात्मा गांधी रोडवर शिलाई मशिनच्या दुकानावर दोन खोल्या, दाराशी 'सुसंवाद जनसंपर्क सल्लागार' अशी पाटी, आत टाइपरायटरची खडखड आणि खिडकीजवळच्या टेबलाशी सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाई. त्या म्हणायच्या, "बसा. साहेब मीच." सुरुवातीला हे सांगताना त्यांना गंमत वाटायची. मग राग यायला लागला. पुढे पुढे रागही येईनासा झाला. पाहुणा सावरून बसेपर्यंत त्या टेबलावरचे कागद सारखे करत राहायच्या.

त्यांचे वडील देवळालीला रेल्वेत गँगमन होते. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा विमल मॅट्रिकला होती. पुढे लग्न झालं, नाशिकरोडच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर झालं, नवरा सहादू शाळेत मास्तर आणि त्या जिल्हा कचेरीत कारकून. असंच आयुष्य गेलं असतं, पण बाहत्तरचा दुष्काळ आला. खडी फोडायच्या कामांवर सरकारी सूचना वाचून दाखवायला कुणी साहेब उन्हात जाईना, म्हणून विमलाबाईंना जीपमध्ये बसवून कळवणकडे पाठवलं. सूचनेत 'उपरोक्त' आणि 'तदनंतर' यांची नुसती रेलचेल. बायका हातोडे थांबवून बघत राहिल्या. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "बाई, हे आमाला सांगती का तुझ्या सायबाला?"

विमलाबाईंनी कागदाची घडी घातली. "धान्य शनिवारी येणार. ज्यांची नावं राहिलीत त्यांनी आज इथंच सांगा, मी लिहून घेते."

बायका भराभर पुढे आल्या. कागद वाचला नाही म्हणून साहेबांनी बाईंना समज दिली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांनाच पाठवलं.

तेव्हापासून हेच त्यांचं काम होऊन बसलं. सातपूरच्या एका कारखान्याने त्यांना जनसंपर्क साहाय्यक म्हणून घेतलं. तिथे संपाच्या वेळी मॅनेजर गेटवर नोटीस चिकटवायला निघाला, तर बाईंनी नोटीस त्याच्या हातातून घेतली आणि त्यालाच गेटवर नेऊन उभं केलं. "तुम्ही स्वतः बोला, साहेब. शिव्या खाव्या लागतील, पण मिटेल." मिटलंही. त्या गोष्टीचा बोलबाला झाला. ऐंशी साली नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं ऑफिस थाटलं. सोबत मल्हारी नावाचा तिशीतला हुशार माणूस घेतला, जो वार्ताहर म्हणून काम करून आला होता आणि शहरातल्या प्रत्येक छापखान्यात ज्याची ऊठबस होती. गिऱ्हाइकं यायची. काही जण बोलता बोलता आडनाव विचारायचे, आणि ते कळलं की आवाज जरा बदलायचा. काम मात्र द्यायचे, कारण नाशिकमध्ये दुसरं असं कुणी नव्हतं.

कुणाच्या कारखान्यात माणूस जखमी झाला, कुणाच्या दवाखान्याबद्दल बोभाटा झाला, की फोन वाजायचा. दुसऱ्याच्या चुकीसाठी नेमके शब्द शोधायचे, चूक करणाऱ्याला ते शब्द बोलायला लावायचे, ऐकणाऱ्याचा राग अंगावर घ्यायचा. घरी आल्यावर सहादू विचारायचे, "आज काय झालं?" त्या म्हणायच्या, "काही नाही," आणि भिंतीला टेकून बसायच्या. सहादू चहा करून आणायचे. नवरा-बायकोत भांडण नव्हतं. बाईंजवळ घरासाठी शब्दच उरायचे नाहीत.

पंच्याऐंशीच्या थंडीत आक्काबाई त्यांच्या ऑफिसात आली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला बोरमळा म्हणून वस्ती होती. सगळी भाजीपाला पिकवणारी घरं. त्यातली ही एक. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तिचं आणि दीर बारकूचं अशी दोन्ही शेतं ती दोघं मिळून बघायची. खुर्ची असून ती जमिनीवरच बसली. विमलाबाईंनी दोनदा सांगून पाहिलं, मग स्वतःच खुर्ची सोडून तिच्यासमोर सतरंजीवर बसल्या.

"बाई, तुमी कंपन्यांचं नाव धुऊन देता म्हनत्यात," आक्काबाई म्हणाली. "आमच्या मेथीचं धुऊन द्या."

झालं होतं असं, की पंचवटीत एका बारशाच्या जेवणानंतर लोकांना उलट्या झाल्या. कारण काहीही असेल, पण कुणीतरी म्हणालं, मेथी बोरमळ्याची होती, त्या मळ्यांना कारखान्याचं विषारी पाणी जातं. आदल्याच वर्षी भोपाळचं झालं होतं. कारखान्यांकडे बघायची लोकांची नजर बदलली होती. दोन-चार दिवसांत पंचवटीच्या बाजारात बायका विचारायला लागल्या, "कुठली आहे? बोरमळ्याची नाही ना?" व्यापाऱ्यांनी माल घेणं बंद केलं. भरलेल्या पाट्या तशाच परत यायच्या आणि गुरांपुढे पडायच्या.

"पैसे काय द्यावे लागत्याल?" आक्काबाईने विचारलं.

"ते राहू द्या. आधी मला मळा बघू द्या."

बाई आणि मल्हारी स्कूटरवर बोरमळ्यात गेले. दिवसभर हिंडले. बहुतेक शेतं विहिरींवर भिजत होती. तीन शेतं मात्र नाल्याला लागून होती आणि उन्हाळ्यात-हिवाळ्यात नाल्याचंच पाणी उचलत होती. नाल्याच्या दगडांवर पिवळट साका चढला होता. विमलाबाईंनी सगळीकडचं पाणी बाटल्यांत भरून घेतलं आणि ओळखीच्या एका रसायनाच्या प्राध्यापकांकडे तपासायला दिलं. विहिरींचं पाणी स्वच्छ निघालं. नाल्याचं पाणी वाईट होतं, आणि त्यातलं विष होतं धातूला चकाकी चढवण्याच्या कामातलं. नाल्याच्या वरच्या टोकाला नळाच्या तोट्यांना चकाकी चढवणारा एकच कारखाना होता. त्याचे मालक नगरकर. ते गेली तीन वर्षं 'सुसंवाद'चे गिऱ्हाईक होते.

ती तीन शेतं होती वस्तीवरच्या ठमाबाईचं, बारकूचं आणि आक्काबाईचं.

"आता?" मल्हारीने विचारलं.

"आता नगरकरांकडे," बाई म्हणाल्या.

नगरकरांनी सगळं ऐकून घेतलं. "सिद्ध करा," ते म्हणाले.

"मला सिद्ध करायचं नाही. नाल्यात पाणी सोडणं बंद करा, सांडपाण्यासाठी टाकी बांधा, त्या तिघांचं पीक मोडायचं ते भरून द्या आणि त्यांना विहीर खणून द्या."

"आणि नाही केलं तर?"

"तर मी तुमचं काम सोडते. का सोडलं ते लोक विचारतील, आणि मी खोटं सांगणार नाही."

नगरकर उठून खिडकीपाशी गेले. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. "करतो," ते म्हणाले. "पण कारखान्याचं नाव कुठेही येता कामा नये. आलं, तर मी कोर्टात जाईन आणि एक पैसाही देणार नाही. मग बसा वर्षानुवर्षं तारखा मोजत."

बाई जिना उतरून खाली आल्या आणि स्कूटरपाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. मल्हारी म्हणाला, "बाई, नाव तर आलंच पाहिजे."

"आलंच पाहिजे. पण मेथी रोज सडते आहे, मल्हारी. कोर्ट रोज बसत नाही."

त्यांनी नगरकरांची अट मान्य केली.

मग त्या आक्काबाईच्या शेतात गेल्या. वांगी लगडली होती, काळीभोर, चकचकीत. ती नांगरून टाकायची हे सांगणं सोपं नव्हतं. आक्काबाई बांधावर बसली, एक वांगं हातात घेऊन.

"आमच्याच घरात खाल्ली की ही. नातवाला भरवली," ती म्हणाली. मग वांगं खाली ठेवून म्हणाली, "मोडा. पन एक करा, बाई. आमचं नाव भायेर जाऊ देऊ नका. धाकट्या पोरीचं लगीन व्हायचं हाय."

"नाव कुठं येणार नाही," विमलाबाई म्हणाल्या. "माझा शब्द."

पुढचं सगळं त्यांचं हातखंडा काम होतं. नाल्याकाठची शेतं नांगरली गेली. एका रविवारी बाजारातले व्यापारी, भाजी विकणाऱ्या बायका आणि वर्तमानपत्रांची माणसं यांना बोरमळ्यात जेवायला बोलावलं. चुली मांडल्या, समोरच्या वाफ्यातली मेथी त्यांच्यादेखत खुडली, विहिरीचं पाणी ओतलं, भाकरी आणि ठेचा. प्राध्यापकांनी चार वाक्यांत पाण्याचं आणि मोडलेल्या तीन शेतांचं सांगितलं. आधी वस्तीवरच्या म्हाताऱ्या बसल्या, मग विमलाबाई बसल्या, मग एकेक करून व्यापारी.

जेवणं आटोपत आली तसा व्यापाऱ्यांचा पुढारी, सगळे ज्याला आप्पा म्हणायचे, हात पुसत म्हणाला, "बाई, मेथी झकास. पण तुम्हीच म्हणता नाल्याकाठची तीन शेतं खराब होती. कुणाची?"

"ती मोडली आहेत."

"आज मोडली. उद्या तोच माल दुसऱ्याच्या पाटीत घालून आणला तर आम्ही ओळखायचा कसा? नावं सांगा. नाहीतर आम्हाला सगळा बोरमळा सारखाच."

वस्तीवरची सगळी माणसं विमलाबाईंकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते त्यांना स्वच्छ कळत होतं: सांगून टाका. आक्काबाई चुलीपाशी उभी होती, पदर तोंडाला लावून. एक वार्ताहर वही उघडून बसला होता. एवढ्या वर्षांत त्यांना अशा वेळी शब्द सुचले नाहीत असं कधी झालं नव्हतं. आज सुचत होते ते सगळे पोकळ होते, आणि आप्पाला ते कळले असते.

त्यांनी तिघांची नावं सांगितली.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला. मेथी उचलली गेली, कोथिंबीर उचलली गेली. वस्तीने 'सुसंवाद'च्या ऑफिसात भाजीच्या दोन पाट्या आणून ठेवल्या. वर्तमानपत्रांत कौतुक आलं. नगरकरांनी टाकी बांधली, विहीर खणून दिली, पीक भरून दिलं. शब्दाला जागले. त्यांच्या कारखान्याचं नाव कुठेही छापून आलं नाही.

आठवड्याने विमलाबाई एकट्याच बोरमळ्यात गेल्या. आक्काबाईने त्यांना पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं.

"बाजारात मला 'नाल्यावरची' म्हनत्यात," आक्काबाई म्हणाली. "पाटी बघायच्या आधी माझं तोंड बघत्यात. विहिरीचं पानी घातलं तरी कोन घेनार?" मग आवाज न चढवता म्हणाली, "त्याचं नाव नाय घेतलं तुमी, बाई. माझं घेतलं."

विमलाबाईंना उत्तर देता आलं असतं. सगळी वस्ती वाचली हे खरं होतं. दुसरा रस्ता नव्हता हेही बहुतेक खरं होतं. त्या म्हणाल्या, "हो. घेतलं."

बोरमळ्यानंतर ऑफिस वाढलं. पुण्याची कामं आली, मुंबईची आली. वरची तिसरी खोली घेतली, सात-आठ तरुण माणसं कामाला लागली. ती मुलं बाईंना बोरमळ्याचं जेवण कसं जमवलं ते विचारायची. बाई सांगायच्या, नावांपर्यंत यायच्या, तेही सांगायच्या. एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, त्यातून चांगलंच झालं ना?" बाई म्हणाल्या, "टाइप केलेलं आण, तपासते."

सहादूंना एवढं दिसत होतं, की ही बाई आता सकाळी चप्पल घालताना दारातच थांबते. फोन वाजला की डोळे मिटते. एकोणनव्वद साली ते रिटायर झाले तेव्हा म्हणाले, "तूही पुरे कर आता." त्यांना वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "बरं."

ऑफिस मल्हारीच्या हाती दिलं. निरोपाला नगरकर आले, हार घातला, चार गोड शब्द बोलले. त्यांचं काम पुढेही 'सुसंवाद'कडेच राहिलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी विमलाबाई पंचवटीत डॉक्टरांकडे गेल्या होत्या. परतताना रिक्षा मिळेना म्हणून बाजारातून चालत निघाल्या, तर फुलांच्या ओळीत आक्काबाई बसलेली. पुढ्यात झेंडूचा ढीग. थकली होती, पण तिनेही बाईंना ओळखलं.

"मुलीचं लग्न झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं. लांब दिली. सिन्नरकडं."

"भाजी?"

"नाय लावत. फुलं लावते. फुलं कोन खातंय?" आक्काबाईने सहज सांगितलं. मागच्या गिऱ्हाइकाने भाव विचारला, तिने तो सांगितला, तागडी उचलली. बाई बाजूला सरकून उभ्या राहिल्या. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला, त्यांनी पिशवी छातीशी धरली.

"बसा की बाई," आक्काबाई म्हणाली आणि आपल्याखालच्या गोणपाटाचं एक टोक मोकळं केलं. "रिक्षा एवढ्यात नाय भेटायची."

विमलाबाई बसल्या. आक्काबाई फुलं मोजून देत होती, सुटे पैसे पदराच्या गाठीत घालत होती. बाईंचे पाय दुखत होते. बोलायला दोघींजवळ काही नव्हतं, आणि ते कुणालाच जड गेलं नाही. ऊन कलेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.