खाली उतरलेला षड्ज

परत जायचं नाही, एवढं एकच मला पक्कं ठाऊक होतं. बाकी सगळ्याची धास्तीच होती. शाळा अर्धवट टाकून मी राजापूरकडून ग्वाल्हेरला आलो, तो गाणं शिकायला. ते जमलं नसतं तर कुठल्या तोंडानं घरी जाणार होतो? लष्कर भागात, सराफ्याच्या मागे गुरुजींचं घर होतं. तिथे जेवण होतं, झोपायला माडी होती आणि शिक्षण म्हणून एकच गोष्ट होती. पहाटे तंबोऱ्यापाशी बसायचं आणि मोकळ्या आकारात षड्ज लावायचा, श्वास पुरेल तोवर. राग नाही, बंदिश नाही, तानेचं तर नावच काढायचं नाही. पाया भरल्याशिवाय आपण कुणाच्या भिंती उभ्या करत नाही, असं गुरुजी म्हणत.

पावसाळ्याआधी गुरुजी दुसऱ्या एका संस्थानात गायला गेले. परत आल्यावर तुझा षड्ज ऐकेन, म्हणाले. बसलेला असला तर गंडा बांधून रीतसर शिष्य करून घेईन, नसला तर तुझी वर्षं फुकट घालवणार नाही, गाडीत बसवून देईन. ते गेले आणि माझा आवाज फुटला.

ज्या गोड आवाजावर गावातल्या देवळात लोक माना डोलवत, तो कुठे गेला कळेना. षड्ज लावला की मधेच फाटे, घोगरा होई, घसरून भलतीकडेच जाई. गुरुजींचे पुतणे बापू माझ्याहून थोरले, जन्म सगळा इथलाच. ते खालून ओरडत, "अरे भैया, सा लावतोयस की म्हैस हाकतोयस? पूरा सराफा जाग गया." गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, ज्येष्ठमधाचा काढा देत. वैद्यांनी तर गाणं सोडूनच द्यायला सांगितलं. मी काढा घेतला, वैद्यांचं ऐकलं नाही. रोज पहाटे बसत राहिलो. माझा आवाज मलाच ऐकवत नसे, तरी बसत राहिलो.

एक मात्र कधी मनातच आलं नाही. तंबोरा गुरुजींचा होता आणि त्यांच्याच उंच पट्टीत लावलेला असे. गुरूच्या तंबोऱ्याच्या खुंटीला शिष्यानं आपणहून हात लावायचा नाही, ही त्या घराची रीत. खुंट्या पिळायच्या त्या बापूंनी. मी फार तर मणी सरकवून सूर साफ करायचा. तेव्हा पट्टी खाली घ्यावी हा विचारच मला पापासारखा वाटला असता. तो सूर माझ्या कानात इतका मुरला होता की तंबोरा नसतानाही मी तोच लावायला जाई.

थंडीत निरोप आला की गुरुजी निघाले आहेत. त्या सकाळी मी दत्ताच्या देवळात गेलो. नमस्कार केला नाही. उभा राहून मनातल्या मनात भांडलो. आवाज तूच दिलास, तूच नेलास, बरं झालं. पण मी उठणार नाही. फाटक्या गळ्यानं बसेन आणि तुला रोज ऐकावं लागेल. मग तिथेच पायरीवर बसून षड्ज लावला. तो फाटलाच.

ओट्यावर घोंगडी पांघरून एक म्हातारे साधू एकतारी घेऊन बसले होते. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तार छेडली आणि मला खूण केली, गा. तार फारच खाली लागली होती. मी हात जोडून म्हटलं, महाराज, जरा चढवा. ते हसले.

"तार पुरानी है बेटा, चढ़ाऊँगा तो टूट जाएगी. तू ही नीचे आ जा."

गुरुजींचा सा वर आहे, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"तो वहाँ गुरुजी गाएँ. तू अपना लगा. भगवान नीचे भी सुनते हैं."

मला राग आला. त्या रागातच मी खाली उतरलो आणि आवाज सरळ गेला. छातीतून निघाला, गळ्यात कुठे अडला नाही. श्वास संपेपर्यंत हलला नाही. एकतारीचा सूर कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो हे मला सांगता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किती वेळ आम्ही तसे गात होतो कोण जाणे. मग ते एकतारी पाठीला लावून फूलबागेकडे चालू लागले. पुजाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, असे पुष्कळ येतात-जातात.

दुसऱ्या पहाटे मी गुरुजींच्या तंबोऱ्याच्या खुंट्या सैल केल्या. बापू धावत वर आले. घराण्याची पट्टी उतरवलीस, चुलत्यांना काय तोंड दाखवू, म्हणून खूप बोलले. मी म्हटलं, मला षड्ज लावायला सांगितलंय, मी लावतोय; शिक्षा गुरुजी देतील ती घेईन. बापू संध्याकाळी तंबोरा चढवून ठेवीत, मी पहाटे उतरवी.

गुरुजी आले ते पहाटेच. टांगा थांबल्याचं मला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा ते प्रवासाच्या कोटासकट समोर उभे होते आणि दारात बापू. मी घाबरून खुंटीकडे हात नेला. गुरुजींनी तो धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "लाव पुन्हा."

मी लावला. ते खाली बसले, डोळे मिटले आणि माझ्या त्या खालच्या पट्टीत स्वतःचा षड्ज मिळवला. इतक्या खाली ते कधी गात नसत. बापू दारातच बसले.

गंडा वसंतपंचमीला बांधला. तो साधू कोण होता, हे मी पुढे कुणाला विचारलं नाही. देवापुढे मान तुकवणं म्हणजे हार मानून उठून जाणं, असं मला वाटे, म्हणून मी मान ताठ ठेवली होती. देवानं मला उठवलं नाही. बसल्या जागी थोडं खाली यायला सांगितलं, तेवढंच. आजही पहाटे षड्ज लावताना मी आधी त्याला ऐकवतो आणि मग गुरुजींना.