मॅगेलन वाटेतच मेला होता

काकू पुस्तकाशी भांडायच्या. शिरूरच्या एसटी स्टँडमागे एक अभ्यासिका होती. तिथं आम्ही चाळीस-पन्नास पोरंपोरी खाली मान घालून सामान्य ज्ञानाची गाइडं पाठ करत बसलेलो असायचो, आणि खिडकीजवळच्या टेबलावरून मधूनच दबक्या आवाजात ऐकू यायचं, "आरं, कशाला खोटं लिव्हतोस?" नवीन आलेला पोरगा दचकून मागं बघायचा. जुन्यांना माहीत असायचं की काकू गाइड लिहिणाऱ्याला बोलतायत. मग लाल पेनानं ती छापील ओळ खोडली जायची. समासात बरोबर उत्तर लिहिलं जायचं आणि त्याखाली ते कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर सापडलं हेही.

पोरांनी त्यांचं नाव खोडरबर काकू ठेवलं होतं. तशा त्या काही म्हाताऱ्या नव्हत्या, पण आम्ही सगळे विशी-बाविशीतले आणि त्यांची मुलगी तेव्हा शाळेत जायला लागलेली, त्यामुळं काकू. निमोण्याच्या राहणाऱ्या. माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणाऱ्यांचं. वडिलांच्या काळात मेंढरं गेली आणि शेती आली. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. लग्नानंतर त्यांनी घरी बसून पदवी काढली होती. सकाळी गाईंच्या धारा काढायच्या, डबे भरायचे आणि वडापच्या ठासून भरलेल्या जीपमध्ये अर्ध्या सीटवर बसून दहाच्या ठोक्याला अभ्यासिकेत हजर. वयाची अट संपत आली होती. एखाददुसरी भरती, बास, मग त्यांचा अर्जसुद्धा कुणी घेणार नव्हतं.

मी दौंडकडचा, खुटबावचा. शिरूरला मित्राबरोबर खोली करून राहिलो होतो. आमचा अभ्यास म्हणजे काय होता ते सांगतो, कारण त्याचा मला अजूनही संताप येतो. आम्ही प्रश्नाचा पहिला अर्धा भाग वाचायचो आणि पर्यायाचं अक्षर पाठ करायचो. दुर्बीण म्हटलं की ब. पेनिसिलिन म्हटलं की ड. जगातलं सगळ्यात मोठं नदीचं खोरं, कुठल्या तरी राणीचा राज्याभिषेक, पाऱ्याचा अणुअंक, सगळं अ, ब, क, ड. एकदा डबा खाताना काकूंनी आमच्याच गाइडातले प्रश्न पर्यायांचा क्रम बदलून विचारले. निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"नेपोलियन शेवटचा कुठं हरला?" त्यांनी विचारलं.

"वॉटर्लू," सगळे एका सुरात.

"आन् हे वॉटर्लू कुठल्या देशात हाय?"

केंदूरचा एक पोरगा वैतागून म्हणाला, "काकू, तसा प्रश्न येत न्हाई."

"प्रश्न येत न्हाई म्हणून गाव नकाशावनं पुसायचं व्हय?" काकू म्हणाल्या. भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून त्यांनी बेल्जियम कुठं आहे ते टेबलावर बोटानं काढून दाखवलं.

गाइड अभ्यासिकेच्या मालकीचं असायचं, त्यामुळं मालक चिडायचे. "काकू, पुस्तक अभ्यासिकेचं हाय. असं रंगवू नका." काकू शांतपणे म्हणायच्या, "पुस्तक तुमचं हाय, पर चूक कुणाची हाय?" एकदा तर काकूंनी गाइडाच्या शेवटच्या पानावरच्या नंबरला फोन लावला. आइन्स्टाईन शाळेत गणितात नापास झाला होता असं छापलंय, ते साफ खोटं आहे, गणित तर त्याला लहानपणापासून उत्तम येत होतं, असं त्यांनी पलीकडच्या माणसाला दहा मिनिटं समजावलं. तो म्हणाला, मॅडम, सगळ्या गाइडांत तसंच आहे. काकूंनी फोन ठेवला आणि ती ओळ लाल पेनानं पुन्हा एकदा खोडली.

आमच्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण मोठ्यानं कुणी म्हणायचं नाही. पेपर काढणारे गाइडातूनच प्रश्न उचलतात. उत्तरही तिथलंच. त्यामुळं काकूंनी खोडलेलं गाइड कुणाला नको असायचं. आम्ही कपाटातून कोरी प्रत शोधून काढायचो, म्हणजे लाल शाईनं डोक्यात गोंधळ नको. मीही तेच करायचो. काकूंकडून मी पुष्कळ शिकलो, त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वर्षभर खाल्ली, आणि तरी कपाटाकडं जाताना कोरी प्रत शोधायचो.

त्या गाइडात एक प्रश्न होता : समुद्रमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा पहिला दर्यावर्दी कोण? उत्तर, मॅगेलन. काकूंनी ती ओळ इतक्या जोरात खोडली होती की कागद फाटला होता. "मॅगेलन फिलिपाईन्समध्येच मेला," त्या मला म्हणाल्या. "तिथल्या लोकांशी लढाई झाली, त्यात मारला त्येला. पाच जहाजं निघाली हुती, त्यातलं एकच चक्कर पुरी करून घरी पोचलं. ते आणलं एल्कानोनं. आन् नाव कुणाचं? जो वाटंत मेला त्येचं." मी मान डोलावली. मला तेव्हा त्या एवढ्या का चिडल्या ते कळलं नाही.

पुढं एका लिपिक भरतीची परीक्षा आली. काकूंची ती शेवटची. केंद्र पुण्याच्या बाहेर कुठंतरी होतं. मी आणि काकू एकाच एसटीनं गेलो आणि एकाच एसटीनं परत आलो. येताना त्यांचा चेहरा उजळलेला. "दत्ता, मॅगेलनचा आला रं. आन् पर्यायात एल्कानो पण दिला हुता." मी खिडकीबाहेर बघत हो म्हणालो. तो प्रश्न संगणकावर दिसला तेव्हा मला सगळं आठवलं होतं. फाटलेला कागद, फिलिपाईन्स, पाचांतलं एक जहाज. बरोबर उत्तर कोणतं ते मला पक्कं माहीत होतं. मी मॅगेलनवर क्लिक केलं.

आठवड्याभरात उत्तरतालिका आली. मॅगेलन. काकू अभ्यासिकेत उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या, "मेलेला माणूस जहाज घिऊन घरी गेला का?" कुणी वर बघितलं नाही. हरकत नोंदवायला तीन दिवस होते. काकूंनी दोन इतिहासाची पुस्तकं आणि विश्वकोशातली नोंद मिळवली, पानांचे फोटो काढले, अर्ज लिहिला. मग माझ्या टेबलाशी आल्या.

"तू काय उत्तर दिलंस?"

"मी तो प्रश्न सोडला होता," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुराव्याची पानं टेबलावर ठेवली. "तरीबी हरकत घे. जास्त जणांनी घेतली की मंग बघत्यात." आणि मग, मी न विचारता, समोरची खुर्ची ओढून बसल्या. "माझा आज्जा कोकणात मेला. ताप आला हुता. मेंढरं तिकडं चारायला न्यायचे ना, तवा. आज्जीच्या अंगावर दूध पिणारं पोर, हाताशी एक, आन् सगळा मेंढरांचा वाडा. तिनं एकलीनं घाट चढवून मेंढरं निमोण्याला आणली. एक कोकरू सांडलं न्हाई. आन् गावात आजबी सांगत्यात, त्या सालाला आज्ज्यानं मेंढरं परत आणली. आज्जा तर तिकडंच जाळला हुता." त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. राग होता, तोही आज्जीच्या वयाचा.

मी हरकत घेतो म्हणालो आणि घेतली नाही. हिशेब सोपा होता. उत्तर बदललं तर काकूंचे दोन गुण वाढणार आणि माझे दोन कमी होणार. मी खोलीवर गेलो आणि झोपलो. मला झोपही लागली, याचाच आता जास्त राग येतो.

काकूंची हरकत फेटाळली गेली. कारण दिलं नव्हतं, तज्ज्ञांचा निर्णय अंतिम आहे एवढं एक वाक्य. निवड यादीत माझं नाव सगळ्यात शेवटचं होतं. प्रतीक्षा यादीत काकू पहिल्या. माझ्यानंतर लगेच त्या. प्रतीक्षा यादीतलं कुणी घेतलं गेलं नाही. काकू मला भेटायला खोलीवर आल्या, घरच्या खव्याचे पेढे घेऊन. "चांगलं काम कर. लोकांना हेलपाटं मारायला लावू नको," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या अभ्यासिकेत आल्या नाहीत.

मला त्या गाइडवाल्यांचा राग येतो. दोन वर्षांनी दौंडला स्टेशनाबाहेरच्या दुकानात त्याच गाइडाची नवी आवृत्ती हाती आली. मॅगेलनच्या प्रश्नापुढं आता चांदणी छापली होती, म्हणजे हा परीक्षेत प्रत्यक्ष आलेला प्रश्न. त्यांची चूक पेपरवाल्यांनी उचलली, आणि पेपरात आली म्हणून त्यांची चूक आता खरी झाली. दुकानदाराला मी काहीतरी वेडंवाकडं बोललो. मला त्या तज्ज्ञांचा राग येतो, ज्यांनी पुरावा उघडूनही बघितला नसेल. माझा स्वतःचा तर येतोच. आणि खरं सांगायचं तर काकूंचाही येतो. कोणतं उत्तर धरणार हे त्यांना माहीत होतं. ती ओळ त्यांनीच खोडलेली होती. एक क्लिक, आणि आज या खुर्चीत त्या असत्या.

गेल्या महिन्यात त्या माझ्या कार्यालयात आल्या. केस बरेच पांढरे झालेत. बरोबर मुलगी, आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला, भरतीच्या अर्जासाठी दाखला हवा होता. "हे दत्तामामा. माझ्यासंगं अभ्यासाला हुते," काकूंनी ओळख करून दिली. मी कागद बघायला घेतले तशी मुलगी म्हणाली, "मामा, एक विचारू का? क्लासमध्ये सांगतात, गाइडात असेल तेच लिहायचं, खरं-खोटं बघत बसायचं नाही. आई म्हणते, बरोबर असेल तेच लिही. तुम्ही पास झालाय, तुम्ही सांगा."

"आई म्हणते ते बरोबर आहे," मी म्हणालो. असं म्हणायला काहीच लागत नाही.

काकूंनी टेबलावर हात ठेवला. "तू काय लिव्हलं हुतंस, दत्ता?"

मागं रांग होती. शेजारच्या टेबलावरचे सहकारी ऐकत होते. "मॅगेलन," मी म्हणालो.

"मला तवाच कळलं हुतं," काकू म्हणाल्या. "तू प्रश्न सोडणाऱ्यातला न्हाईस. मंग पोरीला खरं काय ते सांग. दोन्ही कळू दे तिला."

मी सांगितलं. मला उत्तर माहीत होतं, मी चुकीचं दिलं, म्हणून मी इथं बसलोय. तिच्या आईनं बरोबर दिलं. मुलगी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती आईकडं वळली होती.

"आई, ते मॅगेलन धरणार हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग का नाही लिहिलंस गं? पप्पा अजून रात्रपाळी करतात. तू अजून त्या गाईंच्या मागं. एक उत्तर, आई. का नाही लिहिलंस?"

काकूंनी पदर सारखा केला. "मला उत्तर येत हुतं," त्या म्हणाल्या.

जबडा आवळून मुलगी आईकडं बघत राहिली, रागानं, आणि तिथून हलेना. मी दाखल्यावर शिक्का मारला आणि खाली मान घातली, कारण गेली कित्येक वर्षं मी काकूंकडं अगदी तसाच बघत आलोय.