तीस बोटं

चौक ह्या कोळीगावात समिधाला सगळे 'डाक्टरीण' म्हणतात. तिनं हजार वेळा सांगून झालंय, की बाबांनो, मी डॉक्टर होत नाहीये. पण गावानं एकदा नाव ठेवलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते पुसता येत नाही. रस्त्यानं चालली की कुणी गुडघा पुढं करतं, कुणी जीभ बाहेर काढून दाखवतं. एका म्हातारबुवांनी तर एस.टी.ला थांबलेली असताना तिला आपली कवळी काढून दाखवली.

ती शिकते बी.एस्सी. बायोमेडिकल सायन्स, मीरा रोडच्या एका कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला. आता हे म्हणजे नक्की काय, ते गावाला कुणी समजवायचं? डॉक्टर नाही, नर्स नाही, औषधाचं दुकान नाही. बापानं, राघोनं, होडीवरच्या माणसांना सांगून टाकलं होतं की पोरगी 'रोगाच्या मुळाचं' शिकते. तसं बघितलं तर कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा राघोनंच बरं सांगितलं होतं.

समिधाला मात्र शिक्षणाचा जरा वाराच लागला होता. पहिल्या वर्षी पेशी शिकली, तेव्हा घरात सगळ्यांना पेशी शिकवल्या. दुसऱ्या वर्षी जंतू आले, तेव्हापासून घरातला एकही हंडा, एकही फडका तिच्या तावडीतून सुटला नाही. सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती हौसाबाईनं. ही तिची आत्या. नवरा गेल्यावर भावाच्या घरी परत आली, नि समिधाला अर्धीअधिक तिनंच वाढवलं. रोज सकाळी पाटी घेऊन पूनम सागरच्या मच्छी बाजारात बसते. पापलेट, बांगडा, जे मिळेल ते. हौसाबाईला अलीकडं एक खोड लागली होती. मासळीवर बर्फ फोडताना बाजूला ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या बर्फाचा खडा उचलायचा नि तोंडात टाकून कडाकडा चावायचा. दिवसातून दहा वेळा. समिधा बघायची नि तिच्या अंगावर जायची. ह्या बर्फात किती जंतू असतात, त्यांची नावं काय, ते पोटात जाऊन काय काय करतात, सगळं ती म्हणून दाखवायची. आत्या शांतपणे ऐकून घ्यायची नि दुसरा खडा उचलायची.

तर, तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असतो. समिधानं विषय घेतला, मासळी विकणाऱ्या बायकांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन. तीस बायका, प्रत्येकीच्या बोटातून एक थेंब रक्त, हातात मावणारं यंत्र, आणि समोर येईल तो आकडा. बाईचा आकडा बाराच्या वर असला म्हणजे ठीक. संजना मॅडम तिच्या गाईड. त्यांनी कॉलेजच्या समितीची परवानगी काढून दिली, टोचायचं कसं ते दहा दहा वेळा करून घेतलं, आणि बजावलं की संमतीच्या कागदावर सही जिची, रक्त तिचंच. नाव वहीत नाही, फक्त नंबर. फाइल महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दुपारपर्यंत टेबलावर. हा प्रोजेक्ट बुडाला की वर्ष बुडालं, आणि एम.एस्सी.चं स्वप्न त्याच्याबरोबर खाडीत.

समिधा खूश. बायका काय, गावातच आहेत. पण रक्त म्हटल्यावर बायकांनी ओठच मुडपले. मुळात ह्या बाया दिवसभर कोयत्यानं सुरमईची मुंडकी उडवणाऱ्या. पण स्वतःच्या बोटाला सुई म्हटली की एकेकीनं हात पदराखाली लपवला. मग समिधानं शेवटचं हत्यार काढलं. सगळ्यांना मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावर जमवलं नि सांगितलं, "माझे मार्क तुमच्या रक्तावर!"

बोलायला चार शब्द, पण ह्या चार शब्दांनी पुढं काय रामायण घडवलं ते बघा. हौसाबाई उठली नि म्हणाली, की माणसं जमवायचं काम माझं, तू फक्त तुझं यंत्र घेऊन बस.

रविवारी सोसायटीच्या खोलीत हौसाबाईनं मधोमध एक लुगडं बांधलं. एकीला रक्त बघून चक्कर येते म्हणे, म्हणून सगळ्या लुगड्याच्या पलीकडून नुसता हात आत घालणार. समिधाला ते बरंच वाटलं. नाव नाही, तोंड नाही, एकदम शास्त्रीय. दिवसभर हात येत राहिले. ओले, खरखरीत, कुठं बांगड्या, कुठं नाहीत. ती यंत्राकडं बघत होती. चौदा पूर्णांक दोन. तेरा पूर्णांक नऊ. चौदा पूर्णांक एक. संध्याकाळी तीस पूर्ण. समिधाच्या छातीत अभिमान मावेना. आपलं गाव म्हणजे नुसतं लोखंड!

गुरुवारी संजना मॅडमनी तक्ता बघितला. चष्मा खाली केला. ह्या देशात अर्ध्याहून जास्त बायकांचं रक्त कमी भरतं, आणि तुझ्या तीस जणींत एकही बाराच्या खाली नाही, हे कसं, असं त्यांनी विचारलं. समिधा म्हणाली, मासळी खातात ना, मॅडम. मॅडम म्हणाल्या की मासळी त्याही खातात, आणि त्यांचं साडेदहा आहे.

"सोमवारपर्यंत खरे आकडे आण," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी शून्य लिहीन. मला वाईट वाटेल, पण लिहीन."

समिधा रडकुंडीला आली. आणि खोटं कशाला बोला, तिच्या मनात पाप आलं. आठ-दहा आकडे खाली ओढले, एखादा नऊ, एखादा साडेदहा, तर मॅडमना काय कळणार? आत्याला गाठायला बाजाराकडं निघालेल्या रिक्षात तिनं मनातल्या मनात चार आकडे बदलूनही बघितले. पाचव्याला अडली. कारण पाचवा आकडा आठवताना तिला तो हातही आठवला. मधल्या बोटाला ती सुई लावणार होती, आणि शेजारच्या बोटावर आधीच एक ताजा लाल ठिपका होता. तेव्हा तिला तो दिसला होता. दिसला, पण बघितला नव्हता. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्यांचं असं होतं.

पूनम सागरच्या बाजारात हौसाबाई एका बाईला बोंबलाचा वाटा लावून देत होती. "देखो भाभी, एकदम ताजा," असं म्हणत तिनं मोठे, चकचकीत बोंबील वरती रचले आणि बारके खाली. खालचे वाईट नव्हते, तिनं जन्मात कुणाला सडकी मासळी दिली नाही. पण वरची मासळी चमकली पाहिजे, हा तिचा धंद्याचा नियम.

गिऱ्हाईक गेल्यावर समिधानं विचारलं, की रविवारी लुगड्यामागं किती बायका होत्या.

हौसाबाईनं लपवलं नाही. उलट तिचा चेहरा फुलला. "तीन," ती म्हणाली. "सुलू, आनि तिच्या दोन्ही जावा. तीन बायांची धा-धा बोटं. झाली ना बरोब्बर तीस?"

हिशेब चोख होता, त्यात काही खोट नव्हती. सुलू म्हणजे शेजारची, एकटी बर्फाची लादी उचलणारी बाई. अंगठेसुद्धा तिनं मोठ्या मनानं दिले होते. बाकीच्यांनी सही केली नि हौसाबाईनं त्यांना मागच्या दारानं घरी पाठवलं. त्यांच्यातल्या निम्म्या अशक्त, कुणाला चक्कर, कुणाला दम. असल्यांचं रक्त देऊन पोरीचे मार्क घालवायचे? मार्क रक्तावर हायत, हे पोरगीच तर बोलली होती! पाटी लावतात तशी हौसाबाईनं परीक्षा लावून दिली होती. चमकदार माल वरती.

समिधाला हसावं की रडावं कळेना. रागवायला तोंड उघडलं, पण रागवणार कुणावर? ते चार शब्द तिचेच होते. तीन वर्षं गावाला जंतूंची लॅटिन नावं ऐकवणाऱ्या पोरीला एवढी साधी गोष्ट नीट सांगता आली नव्हती. ती आत्याच्या पाटीशेजारी फतकल मारून बसली नि पहिल्यांदाच कठीण शब्द न वापरता बोलली. मार्क रक्त किती आहे त्याला नाहीत, खरं किती आहे ते शोधायला आहेत. कमी निघालं तर कुणी नापास होत नाही. उलट कमी कुणाचं आहे तेच शोधायचंय, म्हणजे तिला औषध देता येईल.

"म्हंजे खालची मासळी बघायची," हौसाबाई म्हणाली.

"हो. खालचीच."

हौसाबाईनं बर्फाचा एक खडा उचलला, चावला, नि म्हणाली की बघते.

शनिवारी, रविवारी लुगडं निघालं. बायका तोंडं दाखवून आल्या, लाजत, एकमेकींना ढकलत. नऊ पूर्णांक चार. दहा पूर्णांक एक. आठ पूर्णांक आठ. अकरा. सुलूनं ह्या खेपेला एकच बोट दिलं, आणि उरलेली नऊ वाया गेल्याची तिला हळहळ वाटली. ज्यांचा आकडा कमी, त्यांना समिधा पालिकेच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून देत होती. ह्या सगळ्या बाया तिला कडेवर घेऊन फिरलेल्या.

रविवारी दुपारी चारला एकोणतीस झाल्या. तिसावी तेवढी येत नव्हती. संमतीचे कागद समिधानं पुन्हा चाळले, तर तिसावी सही हौसाबाईची होती, तीसचा आकडा भरावा म्हणून केलेली. बाकी सगळ्यांना हाकारून आणणारी हौसाबाई मात्र सकाळपासून कधी पाणी भरायला, कधी वाळत घातलेले बोंबील पलटायला पळत होती. 'माजं ऱ्हाऊ दे, सुलूच्या मोठ्या सुनेचं घे,' असं तीनदा सांगून झालं होतं. शेवटी समिधानं तिला हाताला धरून बसवलं.

बोट गार होतं. नख पांढरं, कागदासारखं. समिधानं सुई लावली. थेंब आला, फिकट, पाणी घातल्यासारखा. यंत्रानं आकडा दाखवला. सहा पूर्णांक नऊ.

समिधा त्या आकड्याकडं बघत राहिली. आणि मग तिला तो कडाकड आवाज आठवला. बर्फ! रक्तातलं लोह कमी झालं की माणसाला माती, खडू, बर्फ असलं काहीतरी चावत बसावंसं वाटतं. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात हाच प्रश्न होता. तिनं लिहिलं होतं, दोन मार्क मिळाले होते. आणि घरात रोज दहा वेळा ते लक्षण तिच्या डोळ्यांसमोर कडाकडा वाजत होतं, तेव्हा ही बाईसाहेब जंतूंवर व्याख्यान देत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच.

"तुला माहीत होतं," समिधा म्हणाली.

हौसाबाईनं मान खाली घातली. गेल्या वर्षी बाजारात शिबिर लागलं होतं, तिथल्या बाईनं सांगितलं होतं. गोळ्या दिल्या होत्या, त्या पोटाला बाधल्या, मग ठेवून दिल्या. जिना चढताना दम लागायचा, पण वयाचा असंल, म्हणून सोडून दिलं. आणि ह्या प्रोजेक्टचं ऐकल्यावर तर तिनं ठरवूनच टाकलं, की आपलं बोट काही झालं तरी पुढं करायचं न्हाय. घरातल्याच बाईचं असं, तर पोरीला कोन पास करंल? तिनं कापसानं धरलेलं बोट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला.

"खरं सांग गो," ती हळूच म्हणाली. "माज्यापायी किती मार्क कापतील तुजे?"

समिधाला एकदम रडू फुटलं. तीन वर्षं शिकलेली पोरगी, आत्याचं बोट धरून, सोसायटीच्या खोलीत, सुलूसमोर हमसाहमशी रडली. "एकपण नाही कापणार, आत्या," ती म्हणाली. "कापायचे तर माझे कापायला पायजेत. मी तुझी नखंच बघितली नाहीत."

हौसाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. मासळीचा वास असलेला पदर, आणि समिधा त्याच्यावर काही बोलली नाही. मग तिनं वही ओढली, तीस नंबरापुढं सहा पूर्णांक नऊ लिहिलं, दोनदा ताडून बघितलं. आणि सांगून टाकलं की सोमवारी सकाळी दवाखाना आधी, फाइल मग. दुपारपर्यंत वेळ आहे. उशीर झालाच तर मॅडमना काय ते ती सांगेल.

"सोमवारी पापलेट येनार हाय," हौसाबाई म्हणाली.

पाटी सुलू घेऊन जाईल, असं समिधानं ठरवून टाकलं. सुलूनंही मान डोलावली. हौसाबाईनं एकदा भाचीकडं, एकदा सुलूकडं बघितलं, आणि तिला सगळ्यात मोठी काळजी वाटली ती वेगळीच.

"मोठी वर लाव हां," तिनं सुलूला सांगितलं. "बारकी खाली."