दोन महिने टिकेल अशी कटिंग

महागाई आली की लोक आधी काय कमी करतात? तुम्ही म्हणाल दूध, फळं. सावकाशला विचारा. तो सांगेल, लोक आधी केस वाढवतात. दूध कमी केलं तर पोरं ओरडतात, केस बिचारे कुठे ओरडतात! महिन्याला येणारा माणूस दीड महिन्यानं येतो, मग दोन महिन्यांनी, आणि खुर्चीत बसताबसता म्हणतो, "एकदम बारीक कर बाबा. दोन महिने टिकलं पाहिजे."

सावकाश म्हणजे कोपऱ्यावरच्या एका खुर्चीच्या सलूनचा मालक. कारागीरही तोच आणि झाडूवालाही तोच. हे नाव त्याला गिऱ्हाइकांनीच दिलेलं. कुणी "लवकर आटप" म्हटलं की हा म्हणणार, "सावकाश. घाईत कापलेलं परत चिकटवता येत नाही." आधी बोटांनी डोकं चाचपायचा. भोवरा कुठे आहे, मानेवरचे केस कुठल्या बाजूला पळतात हे बघायचा आणि मगच कात्री लावायचा. त्यामुळे त्यानं कापलेले केस वाढायचेसुद्धा शिस्तीत. महिना उलटला तरी ध्यान दिसत नसे. पूर्वी लोक याचं कौतुक करत, आता त्याच्यावरच दिवस काढायला लागले. म्हणजे जितकं चांगलं कापावं, तितकं गिऱ्हाईक उशिरा परत येणार. घ्या! वीस वर्षं हात घासून हे कमावलं.

बरं, भाव वाढवावा तर तेही करून झालं होतं. पाटीवरचा आकडा खोडून नवा लिहिला, तर जुनी चार-पाच माणसं रस्त्याच्या पलीकडून चालायला लागली, मान खाली घालून. त्यातल्या एकाचे केस बायकोनं घरीच कापलेले, मागे नुसत्या पायऱ्या. सावकाशला राग आला नाही, कीव आली, त्याची आणि स्वतःचीही. तेवढ्यात जागेच्या मालकानं भाडं वाढवलं. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण अंथरूणच दरवर्षी आटायला लागलं तर माणसानं पाय तरी किती पोटाशी घ्यायचे?

घर दोन खोल्यांचं. बायको लॉन्ड्रीत इस्त्रीला जायची आणि संध्याकाळी परत आली की हात वर उचलवत नसे. मुलगी कॉलेजात, दोन स्टॉप आधीच बसमधून उतरायची आणि "तेवढाच व्यायाम" म्हणायची. आई म्हातारी. तिनं एक दिवस जाहीर केलं की आपल्याला कोराच चहा आवडतो. सत्तरी ओलांडल्यावर आवड बदलली म्हणे! सगळ्यांना कळलं आणि कुणीच काही बोललं नाही. या घरात हल्ली असंच चालायचं.

मग एका सकाळी आई मोरीपाशी भोवळ येऊन बसली. डॉक्टरांनी विचारलं, बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत ना? म्हातारीनं ठणकावून सांगितलं, चालू आहेत. घरी आल्यावर सुनेनं डबा उघडला, तर रिकाम्या व्हायला हव्यात त्या पट्ट्या निम्म्या भरलेल्या.

"आई, तुम्ही गोळ्या घेत नाही?"

"घेते की. एक दिवसाआड घेते."

"डॉक्टरांनी रोज सांगितल्यात ना?"

"सांगायला त्याचं काय जातंय? त्याला विकत आणायच्यात का? आणि रोज घेऊन मी काय अमर होणार आहे?"

सावकाश दारात उभा होता. आईवर ओरडावं असं त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण ओरडायला निदान पुढच्या महिन्याच्या गोळ्या तरी हातात हव्यात. तो तसाच दुकानात गेला.

म्हातारीला बघायला मेव्हणा आला. त्याचं सलून मोठं, पाच खुर्च्यांचं, गारेगार हवेचं. जिभेचा तिखट, पण मनानं वाईट नव्हे. निघताना सावकाशला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, रागावू नका. तुमचा घोळ एकच आहे. तुम्ही फार चांगलं कापता."

"मग काय वाईट कापू?"

"वाईट कोण म्हणतंय? मानेवर नि कानामागे जरा जड सोडायचं, म्हणजे केस दाटच ठेवायचे. त्या दिवशी आरशात झकास दिसतं. वीस दिवसांत बुजगावणं होतं. गिऱ्हाईक आपल्या पायानं परत येतं. सगळे करतात."

"चल, नीघ," सावकाश म्हणाला. चांगला झापला त्याला. पण बोललेलं कानातून काढता येतं थोडंच!

दुसऱ्या दिवशी एक नवखं गिऱ्हाईक आलं आणि सावकाशनं करून बघितलं. हात ऐकेना. जिथं थांबायचं तिथं कात्री आपोआप पुढे जायला बघायची. तिला आवरावं लागलं. मग दुसरं गिऱ्हाईक, मग तिसरं. आणि मेव्हण्याचं म्हणणं खरं ठरलं. माणसं महिन्याच्या आत परतली. कुणाला संशय आला नाही. "हवाच अशी आहे, केस फार वाढतात," असं आपणच म्हणून मोकळी. सावकाशनं आईच्या महिन्याभराच्या गोळ्या एकदम आणल्या आणि ती रोज गिळेपर्यंत समोर उभा राहायला लागला. म्हातारीच्या तोंडावर तेज आलं. घरभर पुन्हा तिची बडबड सुरू झाली.

बायकोनं विचारलं, "धंदा वाढला वाटतं?" तिच्यापासून लपवणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्यानं सांगून टाकलं.

ती कणीक मळता मळता थांबली. "म्हणजे केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच."

  मग ती पुन्हा कणकेत हात घालत म्हणाली, "आईंच्या गोळ्या तेवढ्या चुकवू नका." यात ती रागावली की थकली, हे त्याला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

एका माणसाला मात्र सावकाशनं यातून वगळलं होतं. हिरोला. हिरो म्हणजे पलीकडच्या काचेच्या बिल्डिंगचा वॉचमन. वय पंचावन्न, गुडघे गेलेले, पण डोक्यावर असे दाट, लाटालाटांचे केस की विशीतल्या पोरानं हेवा करावा. सलून उघडलं त्या वर्षापासून हा येत होता. त्याच्या नोकरीत दर आठवड्याला सुपरवायझर रांगेत उभं करून बूट, दाढी आणि केस तपासायचा. केस कॉलरला टेकले की खैर नाही. म्हणून हिरोही हल्ली म्हणायचा, "दोन महिने टिकव रे." आणि सावकाश टिकवायचा.

पण महिनाअखेरीला तो आला तेव्हा गोळ्यांची शेवटची पट्टी संपत आली होती आणि भाडंही थकलं होतं. सावकाशनं त्याची मान पुढे वाकवली. कात्री मानेपर्यंत आली, थांबली. त्यानं तिथेच सोडलं, जड. आरशात हिरो खूश होता. "वा! असाच राहू दे हात," म्हणाला आणि पाठीवर थाप मारून गेला.

तीन आठवड्यांनी तो परत आला. गणवेश होता, पण डोक्यावर टोपी, घट्ट ओढलेली.

"लवकर आलास?" सावकाशनं विचारलं. 

"काय सांगू! केस कॉलरवर आले. तपासणीत सापडलो. सुपरवायझर नवा आहे, पोरगाच. म्हणाला, काका, गेटवर असा अवतार चालणार नाही. बेसमेंटला टाकलं मला, गाड्यांच्या धुरात. गेटचा भत्ता पण गेला." हिरो खुर्चीत बसला. "बायको म्हणते, दुसरीकडे जा. मी म्हटलं, सावकाशच्या हातात खोट नाही, माझंच डोकं मेलं. तर आज सगळं काढ. शून्य मशीन मार. झंझटच नको."

"वेडा आहेस का? एवढे केस—"

"केस घेऊन काय करू? दर तीन आठवड्यांना परवडतंय का मला?"

सावकाशनं मशीन हातात घेतली, परत ठेवली. आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. हिरोला कधीच कळलं नसतं. पण त्याच्याच्यानं गप्प राहवेना.

"तुझ्या डोक्याचा दोष नाही," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी मुद्दाम मागे जड सोडलं होतं. तू लवकर परत यावंस म्हणून."

हिरो आरशातून त्याच्याकडे बघत राहिला. आधी हसणार होता, मग त्याला कळलं की ही चेष्टा नाही.

"मुद्दाम?"

"आईच्या गोळ्या संपत आल्या होत्या. त्याआधी ती एक दिवसाआड घ्यायची, पैसे नाहीत म्हणून."

हिरोनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.  तो एवढंच म्हणाला, "माझी गेटची ड्युटी गेली, सावकाश."

"माहीत आहे."

"मला मागायचे होतेस."

"तुझ्याकडे तरी कुठे होते?"

"नव्हते. पण मागायचे होतेस." त्यानं डोळे मिटले, मान पुढे केली. "काढ आता."

"मी नीट कापतो ना. दोन महिने हलणार नाहीत. आईची शपथ."

"काढ म्हटलं ना. आता मला इथं परत यायचं नाही."

सावकाशनं मशीन सुरू केली. केस मांडीवर, फरशीवर पडत गेले. तो हळूहळू, कानामागची, मानेवरची जागा चाचपत फिरवत होता, एकही ओरखडा उठू न देता. केसांखालून निघालेलं डोकं लहान दिसत होतं, एका बाजूनं थोडं चपटं. इतक्या वर्षांत ते त्यानंही पाहिलं नव्हतं.

हिरो उठला. आरशात बघितलं नाही. खिशातून नव्या भावानं पूर्ण पैसे काढून टेबलावर ठेवले.

"नको," सावकाश म्हणाला. "आज नको. हात जोडतो."

"घे. म्हातारीच्या गोळ्या थांबायला नकोत." त्यानं टोपी घातली. ती आता सैल होत होती, कपाळावर उतरत होती. ती एका हातानं धरून तो बाहेर पडला.

 सावकाशनं ते पैसे उचलले, ड्रॉवरमधले त्यात घातले आणि शटर ओढलं. औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं.