मावशीची जांभळाची वाईन

जे मिळत नाही त्याचेच किस्से साचतात. साठच्या दशकात तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं, तेव्हा आम्ही ड्रॉइंग ऑफिसातली मंडळी बोईसरला खोल्या घेऊन राहायचो. बायकापोरं गावाकडे, पाणी मचूळ, आणि राज्यात दारूबंदी! त्यामुळे आमचे सगळे किस्से दारूचे. म्हणजे, न मिळालेल्या दारूचे.

*

आमचे हेड ड्राफ्ट्समन साठे. त्यांनी परमिट काढायचं ठरवलं. त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं, की या माणसाला प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे. साठे मोठ्या आशेने पालघरला गेले. परत आले ते थेट खाटेवर आडवे.

"काय झालं?"

"ठणठणीत आहे म्हणतो!" भिंतीकडे तोंड करून साठे म्हणाले. "संपलं सगळं."

*

साइटवर एक परदेशी इंजिनियर होता. त्याच्याकडे परमिट होतं. एका रविवारी दुपारी त्याने आम्हाला बंगल्यावर 'टेस्टिंग'ला बोलावलं. आम्ही इस्त्रीचे शर्ट घालून हजर! टेबलावर लाल वाईनच्या बाटल्या. साहेबाने शिकवलं: ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा.

साठ्यांचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं वाट बघितली, ती थुंकायला?"

त्यांनी गिळली. तोंड वाकडं झालं. दुसरी बाटली पहिलीपेक्षा आंबट, तिसरी दुसरीपेक्षा कडू. साठे खुर्चीत खचून बसले. "यापेक्षा बंदी बरी रे!"

तेवढ्यात आमचा ट्रेसर वामन राऊत याने लाजत पिशवीतून एक बाटली काढली. तो शिरगावचा, वाडीवाला. "आईने दिलीय. जांभळाची. रिकाम्या हाताने जाऊ नको म्हणाली."

साहेबाने ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घोळवला. बादलीकडे वळला... आणि गिळून टाकला! पुन्हा ग्लास पुढे करत त्याने विचारलं, कुठल्या देशाची?

"शिरगाव," वामन म्हणाला.

*

मग दर रविवारी आमच्या सायकली शिरगावला. वामनची आई, म्हणजे आमची मावशी, वसईच्या एका मैत्रिणीकडून हे शिकली होती. आम्हाला परवडेल का, असं साठ्यांनी भीतभीत विचारलं.

"पैसं नको. रिकाम्या बाटल्या तेवड्या आना. आनि जेवून जा, हितं कोन हाय तुमाला?"

साठे त्या दिवशी न पिताच रडले.

वामनचे वडील नाना मात्र आम्ही अंगणात शिरलो की वाडीच्या टोकाला निघून जायचे.

*

एकदा हवालदार आला. ओसरीवर बरणी, भोवती आम्ही!

"काय हाय यात?"

"शिरका हाय," मावशी शांतपणे म्हणाली. "जांभलाचा. मदुमेहाला देतात."

हवालदाराने पळी बुडवून चाखली. डोळे मिटले, अंग शहारलं. "शिरकाच हाय," म्हणाला आणि गेला.

"वाचलो!" वामन ओरडला.

साठ्यांनी घाईघाईने पळी तोंडाला लावली. वाईन आंबून खरोखरच शिरका झाला होता! वर्षाची सगळी बरणी.

"वाचलो कसले?" साठे खाली बसले. "बुडालो!"

*

पुढच्या वर्षी मावशीने जांभळं आणून बरणी भरली, आणि ती मुरायच्या आत मावशी गेली. छातीत कळ आली एवढंच निमित्त.

तेराव्याला आम्ही गेलो. पाहुणे पांगले, तरी आमचा पाय निघेना. इतक्यात नाना आतून ती बरणी घेऊन आले. आता हे मोरीत ओतणार, असंच वाटलं. आम्ही माना खाली घातल्या. त्यांनी बरणी आमच्यामध्ये ठेवली आणि शेजारी बसले.

"चांगली असते म्हनतात," ते म्हणाले. "मला तिनं कदी विचारलं नाय. माजी माळ हाय ना."

नानांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली, डोळ्यांना लावली आणि खुंटीला अडकवली. मग फुलपात्र पुढे केलं.

"वामन, वत."