हळदीच्या फरशीवर सोडा

शेवटची पंगत उठली तेव्हा दोन वाजले होते. साडेचारला दुसरी पार्टी येणार होती. मधे अडीच तास. आणि बैलबाजार उठल्यावर मैदान दिसतं तसा आमचा हॉल दिसत होता. पत्रावळ्या, पाण्याचे ग्लास, फुलांच्या पाकळ्या, कोणाची तरी एक चप्पल. स्टेजसमोर तर सकाळच्या हळदीचा नुसता चिखल.

मी वाशीमच्या एका मंगल कार्यालयात सफाई पाहतो. हुद्दा सुपरवायझर. हाताखाली माणूस एकच, सुलोचनाबाई. माझं शिक्षण चौथी, तेही आसेगावच्या शाळेत मास्तर दयाळू होते म्हणून. पण सफाईतलं मला कोणी शिकवू नये.

एक गोष्ट आधीच सांगतो. मला झाडलोट आवडत नाही. कधीच आवडली नाही. म्हणूनच मी या कामात पुढे गेलो. ज्याला हे काम आवडतं तो दिवसभर घासत बसतो. ज्याला आवडत नाही तो ते लवकर कसं संपेल ते पाहतो. घरी ज्यांना हे काम जिवावर येतं त्यांनी माझं ऐकावं.

त्या दिवशी शेट, म्हणजे कार्यालयाचे मालक, दारातच उभे होते.

"पुंजाजी, एक कंत्राटदार मागं लागला हाय माह्या. त्याच्यापाशी फरशी घासाची मशीन हाय. एका तासात हॉलचा आरसा करतो म्हन्ते."

"मशीनले डोळे असतात का, शेट? कुठं घाण हाय ते तिले कसं दिसन?"

"डोळे नसतात. पण तिले तोंडही नसते. तुमच्यासारखं उलटून बोलत नाही." शेटनी घड्याळ पाह्यलं. "जऊळक्याची पार्टी येऊन राह्यली साडेचारले. साखरपुडा हाय. त्याइनं हॉल पाहून नाक मुरडलं, तर उद्यापासून मशीन. मंग तुमी बी घरी अन् सुलोचनाबाई बी घरी."

एवढं बोलून ते गाडीवर बसून निघून गेले.

माझं एक वेळ चाललं असतं. पोरगा कमावतो. सुलोचनाबाईचं तसं नाही. तिचा नवरा गेलेला, घरी सासू आंधळी, अन् घर या कामावरच चालतं. तिनं पदर खोचला अन् म्हणाली, "चाला."

आम्ही लागलो.

पहिला नियम : पंखे बंद. लोक पंखा चालू ठेवून झाडतात अन् तोच कचरा तीनदा झाडतात. दुसरा : वरून खाली. आधी स्टेजवरची फुलं, मग खुर्च्या, मग फरशी. आधी फरशी पुसली अन् मग वरची जाळी काढली तर फरशी परत पुसावी लागते. हे सांगायची गोष्ट नाही, पण माझ्या सुनेला मी दहा वर्षांपासून सांगतो आहे. तिसरा : दूरच्या कोपऱ्यातून दाराकडे. पुसलेल्या जागेवर आपलाच पाय पडू नये. आणि चौथा, जो मला सगळ्यात आवडतो : जिथं घासावं लागणार तिथं आधी भिजवून ठेवा. भिजत असताना आपण चहा प्या. अर्धं काम पाणी करतं, ते काही पगार मागत नाही.

तीन वाजेपर्यंत सगळा सुका कचरा निघाला. खुर्च्या भिंतीला लागल्या. राहिली ती हळद.

पूर्वी हळद अंगणात लागायची, मातीवर. माती पिऊन टाकायची. आता उन्हामुळे म्हणा, फोटोमुळे म्हणा, हळद हॉलमधेच होते. स्टेजसमोर पांढऱ्या टाईल्स. त्यावर तेलात कालवलेली हळद पडली की वरची पुसून निघते, पण टाईल्सच्या सांध्यात, म्हणजे दोन टाईल्सच्या मधे जी सिमेंटची बारीक रेघ असते तिच्यात, ती जाऊन बसते. आमच्या हॉलमधे असा हळदीचा कार्यक्रम पहिल्यांदाच झाला होता.

सुलोचनाबाई पत्रावळ्यांची गोणी घेऊन मागच्या खड्ड्याकडे निघाली. जाता जाता म्हणाली, "हळदीले हात लावू नका, भाऊजी. मी आल्यावर पाहू."

हे मला लागलं. सुपरवायझर मी, अन् हुकूम तिचा?

हळदीत तेल होतं. तेलाला सोडा लागतो. धुण्याचा सोडा, तो पांढरा खडबडीत. भांड्याचा चिकटपणा तो कसा तोडतो ते मला ठाऊक होतं. मी अर्धी बादली गरम पाण्यात चार मुठी सोडा टाकला, स्टेजसमोर सगळीकडे ओतला, अन् माझ्या चौथ्या नियमाप्रमाणे चहा प्यायला गेलो.

परत आलो तर सुलोचनाबाई दारात उभी. तोंडावर हात.

फरशी लाल झाली होती.

गुलाबी नाही, केशरी नाही. लाल. बकरा कापल्यावर दिसते तशी. मी धावत जाऊन वायपर मारला. वरचं पाणी निघालं, टाईल्स पांढऱ्या झाल्या. पण सांधे लालच्या लाल. सगळ्या फरशीवर लाल चौकटी. मी घासलं तशा त्या आणखी लाल झाल्या.

"सोडा टाकला?" तिनं विचारलं.

"मंग काय टाकतात?"

"भाऊजी, हळदीच्या कपड्याले साबण लावला का तो लाल होते. हे बारक्या पोरीले बी ठाऊक असते. तुमी कधी सोताचा सदरा धुतला का?"

नव्हता धुतला. बत्तीस वर्षं मी लोकांची घाण काढली. लग्नाआधी माझे कपडे आईनं धुतले, नंतर बायकोनं, आता सून धुते. हळदीचं अन् साबणाचं काय होतं ते मला कळणार कुठून?

"आता?" मी म्हटलं.

"आता आंबट. लिंबू लावला का पिवळी होते परत. म्या मघाशी तेच आनाले सांगनार होती."

घड्याळात साडेतीन. एवढ्या फरशीला लिंबं किती लागतील? मी बाजाराकडे निघालो तर तिनं थांबवलं. मागं स्वयंपाकघरात जऊळक्याच्या पार्टीचा आचारी आलेला होता. आचाऱ्यापाशी निंबूसत असतं. साखरेसारखं पांढरं, चिमूटभर जिभेवर ठेवलं तर डोळे मिटतात. तो ते मोठ्या स्वयंपाकात लिंबाच्या जागी वापरतो.

आचारी बटाटे सोलत होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग सुरी खाली ठेवून हसला.

"देतो ना. पन ते पाहा." कोपऱ्यात दोन मोठे गंज, म्हणजे भात शिजवायची पातेली, उलटे ठेवलेले, बुड जळून काळं. "दोन्ही गंज तुमी घासून द्याचे. सुलोचनाबाई नाही. तुमी."

"माह्या हातानं?"

"मंग काय पायानं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

निंबूसत बादलीभर पाण्यात विरघळलं. सुलोचनाबाईनं फडकं बुडवलं अन् पहिल्या रेघेवर फिरवलं. रेघ माझ्या डोळ्यांदेखत लालची पिवळी झाली. मी दुसरं फडकं घेतलं. गुडघ्यावर बसलो. या वयात माझे गुडघे वाजतात. ती डावीकडून, मी उजवीकडून. मागून साध्या पाण्याचा पोछा.

एक सांगून ठेवतो. संगमरवर किंवा शहाबादी फरशी असेल तर आंबट काही टाकू नका, चमक जाते. आमची टाईल होती म्हणून जमलं.

अर्धी फरशी झाली होती. चारच वाजले होते. अन् बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

जऊळक्याची पार्टी अर्धा तास लवकर.

सगळ्यात पुढं नवरीची आत्या होती. दणकट बाई, हातात ओटीचं सामान. ती थेट स्टेजकडे आली, खाली पाह्यलं अन् जागेवर थांबली.

"अवं माय! हे रगत कायचं हाय इथं? शुभ कामाले आलो ना आमी?"

तिच्या मागच्या बायाही थांबल्या. कोणीतरी नवरीला मागं ओढलं. मी उठायला लागलो पण गुडघा साथ देईना. मनात खोटंच बोलायचं होतं. पेंट म्हणावं, कुंकू म्हणावं. तोंड उघडलं तेवढ्यात सुलोचनाबाई बोलली.

"रगत नाही, बाई. हळद हाय. भाऊजीनं हळदीवर सोडा टाकला."

आत्यानं माझ्याकडे पाह्यलं. वरपासून खालपर्यंत.

"गडीमानूस हाय ना," ती म्हणाली. बस्स, एवढंच. तिच्या मागं पाचसहा बाया एकदम हसल्या.

"पाहा आता," सुलोचनाबाईनं फडकं लाल रेघेवर ओढलं. रेघ पिवळी झाली.

"अवं! परत दाखव बरं."

तिनं परत दाखवलं. आता बाया वाकून पाहू लागल्या. एकीनं पिशवी बाजूला ठेवली. "आन वं, मले करू दे एक." दुसरीनं स्वतःच्या रुमालाचं टोक बुडवलं. आत्यानं ओटीचं सामान नवरीच्या हातात दिलं, लुगडं गुडघ्यात धरलं अन् खाली बसली. मी नको नको म्हणत होतो. कोणी ऐकेना. दहा मिनिटांत उरलेल्या सगळ्या चौकटी पिवळ्या झाल्या. मी गुडघ्यावरच, अन् माझ्याभोवती जरीच्या साड्या नेसलेल्या सहा बाया फरशी पुसत होत्या.

अन् नेमके तेव्हाच शेट आत आले.

"पुंजाजी! पाव्हन्यांले पोछा माराले लावला?"

मी म्हणालो, "शेट, चूक माही हाय. हळदीवर सोडा म्या टाकला. सुलोचनाबाई नाही म्हनून राह्यली होती, म्या ऐकलं नाही. काढाचं असन तर मले काढा. तिले नका काढू."

असं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलेलं माझ्या बायकोनं ऐकलं असतं तर तिनं दृष्ट काढली असती.

शेट काही बोलणार तर आत्या उठली. हात पुसत म्हणाली, "कोनाले काढून राह्यले तुमी? इतली गंमत आमाले लग्नात बी नाही आली. अन् फरशीले हळद लागली, मंग काय वाईट झालं? आमच्या पोरीचा साखरपुडा हळदीच्या फरशीवर होईन."

शेटनी पिवळ्या चौकटी पाह्यल्या. मग नवरीकडच्या बायांचे हसरे चेहरे पाह्यले. धंद्याचा माणूस तो, त्याला लगेच कळलं.

"सुलोचनाबाई," शेट म्हणाले, "आजपासून सामानाचं कपाट तुमच्याकडं. सोडा, फिनाईल, सगळं. पुंजाजीले काही लागलं तर तुमाले इचारून."

"अन् मशीन?" मी विचारलं.

"मशीनवाल्याले फोन करून नाही म्हनतो. मशीन बिघडली तर सहा बाया खाली बसून ती दुरुस्त करत नाहीत."

साखरपुडा वेळेवर झाला. मी मात्र तो पाह्यला नाही. मी मागं गंज घासत होतो. तिथं माझा चौथा नियम कामी आला. चुलीवर मोठ्या घमेल्यात सोड्याचं पाणी उकळलं, त्यात एकेका गंजाचं बुड भिजत ठेवलं, अन् काळं निघायला लागलं. सोडा सुलोचनाबाईला विचारून घेतला होता. तिनं मोजून दोन मुठी दिला.

खिडकीकडच्या सांध्यांतलं पिवळं आठवड्याभरात उन्हानं आपोआप गेलं. आतल्या बाजूचं अजून थोडं आहे. नवे लोक विचारतात, ही डिझाईन आहे का? मी हो म्हणतो.

ज्यांना झाडलोट आवडत नाही त्यांना माझं सांगणं एवढंच. वेळ वाचवायचा असेल तर आधी घरात कपडे कोण धुतं ते पाहा, अन् त्या माणसाला विचारा. विचारायला अर्धं मिनिट लागतं. मी ते वाचवलं होतं.